मागे न जाणारी गाडी

वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिराती घेणाऱ्या माणसाने कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

‘जुनी मोटार विकणे आहे. तीन पिढ्या एकाच घरात. इंजिन उत्तम, रंग मूळचा, गाद्या मूळच्या. मागे जात नाही.’

“काका, हे शेवटचं गाळा,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला कळेल की नंतर.”

“म्हणून तर आधी लिहिलंय.”

“असं लिहून कुणी गाडी विकतं का?”

“बाटलीत काय आहे ते बाटलीवर असावं,” कंपाउंडर म्हणाले. जाहिरात तशीच छापून आली.

त्यांना सगळी गल्ली कंपाउंडरच म्हणे. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली, दवाखान्याच्या जागी केस कापायचं दुकान आलं, तरी हाक बदलली नाही. चाळीस वर्षं त्यांनी फळीच्या मागे उभं राहून पुड्या बांधल्या, बाटलीवर मात्रेच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं ते द्यायचं, का लिहिलं ते विचारायचं नाही. हा स्वभाव त्यांनी दवाखान्यात नेला होता, तिथून आणला नव्हता. तो घरचाच होता.

गाडी आजोबांनी घेतली एका पुलाच्या इंजिनियरकडून. पूल झाला, इंजिनियरची बदली झाली, गाडी न्यायची सोय नव्हती. आजोबा तोवर सायकलवरसुद्धा बसले नव्हते. इंजिनियरने तीन दुपारी शिकवायचं कबूल केलं. पहिल्या दुपारी गाडी चालू करणं आणि थांबवणं झालं. दुसऱ्या दुपारी वळणं झाली. तिसऱ्या दुपारी इंजिनियरचं सामान निघालं. आजोबा गाडी घेऊन घरी आले, दारात थांबले आणि जमलेल्या घरच्यांना म्हणाले, “हिला मागचा गियर नाही. या जातीच्या गाड्यांना नसतो.”

आजोबांचं बोलणं तपासून पाहायची त्या घरात पद्धत नव्हती. पाऊस थांबलाय असं आजोबा म्हणाले तर मंडळी भिजत बाहेर पडायची.

मागे जाता येत नाही म्हटल्यावर सगळं घर पुढचा विचार करायला लागलं. आजोबांनी राहतं घर सोडून दोन फाटकांचं घर घेतलं. पुढच्या फाटकातून आत, घराच्या कडेने परसात, मागच्या फाटकातून बाहेर. गाडी त्या घरातून सुईतून दोरा जावा तशी जायची. बाबांनी पुढे एक वही घातली. गावातली प्रत्येक गल्ली पायी फिरून त्यांनी तीत लिहिली. आरपार गल्ल्या निळ्या शाईने, बंद गल्ल्या लाल शाईने. हळूहळू नातेवाईकही दोन रंगांचे झाले. निळ्या मामाकडे सगळे महिन्यातून एकदा जेवायला जात. लाल मामा वारला तेव्हा पत्र पाठवलं.

कधी फसगत झालीच, समोर खांब नाहीतर म्हैस आलीच, तर सगळे उतरत आणि पुढून गाडी ढकलत. त्यालाही रीत होती. बाबा सुकाणू धरत, आई उजव्या दिव्यापाशी, मुलं डाव्या. ढकलताना कुणी हसायचं नाही.

मग मागच्या फाटकापाठी इमारत उभी राहिली. तिच्या तळमजल्यावर, नेमकी फाटकासमोर, एक लाँड्री आली. बाबांनी लाँड्रीवाल्याशी बोलणी केली. दुकानाला दोन्ही अंगांनी शटर होती. ठरलं असं की रविवारी सकाळी सात वाजता लाँड्रीवाल्याने फळी उचलायची, इस्त्रीचं टेबल भिंतीला लावायचं आणि गाडीने दुकानातून पलीकडच्या रस्त्याला जायचं. बाबा गेले, ठरलेलं राहिलं. वरच्या दांडीला लोकांचे कपडे टांगलेले असत. गाडी त्यांच्याखालून निघाली की कुणाची बाही काच पुसून जायची, कुणाच्या पँटचा पाय टपावर थोडा वेळ बसायचा. एकदा एक अनोळखी काळा कोट बॉनेटवर बसून थेट लग्नघरी पोचला होता. कंपाउंडरांच्या दिवंगत पत्नीचा गाडीवर राग नव्हता. तिचा राग लाँड्रीवर होता. ती म्हणे, “बाहेर पडायचं म्हणजे आधी शंभर लोकांच्या कपड्यांतून जायचं. मग मी नटू कशाला?”

हे सगळं हसून सांगता येण्यासारखं आहे, आणि कंपाउंडर ते हसून सांगतही. एकच गोष्ट ते सांगत नसत.

ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. ती तेवीस वर्षांची असताना तिला एक स्थळ आलं. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. घरच्यांना पसंत होता. घर बघायला सगळे गाडीने निघाले. कंपाउंडर मागच्या गादीवर ताईच्या शेजारी होते. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी गाडी थांबवली. गल्ली लांब, अरुंद आणि टोकाला बंद होती. त्या टोकाच्या घरासमोर मुलाकडची पाच-सहा माणसं हात उंचावून उभी होती.

“आत गेलो तर बाहेर येता येणार नाही,” बाबा म्हणाले.

“पायी जाऊ,” आई म्हणाली.

“आज पायी जाऊ. उद्या मुलीला आणायचं, पोचवायचं, तेव्हा? जिथून गाडी परत येत नाही तिथे मुलगी द्यायची कशी?”

आणि बाबांनी गाडी सरळ पुढे काढली. कंपाउंडरांनी मागच्या काचेतून पाहिलं. माणसं तशीच हात वर करून उभी होती, मग लहान होत गेली. ताई समोर बघत होती. दुसरं स्थळ कुणी शोधलं नाही. ताईने टेलिफोन खात्यात नोकरी धरली, पस्तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, निवृत्त झाली.

कंपाउंडरांनी या साऱ्यातून एकच गोष्ट मुठीत धरली होती. दोष गाडीचा होता. बाबा हेकट नव्हते, आपण घाबरट नव्हतो, आई मुकी नव्हती. गाडीला मागचा गियर नव्हता, त्याला कोण काय करणार? ताईचं आयुष्य गेलं ते निदान खऱ्या कारणापायी गेलं. रोज सकाळी ते तिला पहिला चहा नेऊन देत, जणू गाडीच्या वतीने.

स्वतःचंही त्यांनी त्याच हिशेबाने केलं. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात औषधभांडाराचा मुख्य म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं. ते पाहायला गेले. इस्पितळाचं आवार एका भिंतीशी संपत होतं. “जागा चांगली आहे,” त्यांनी घरी येऊन सांगितलं, “पण आरपार नाही.” आणि छोट्या दवाखान्यातल्या फळीमागे परत जाऊन उभे राहिले.

आता गाडी विकायची वेळ आली ती लाँड्रीमुळेच. लाँड्रीवाला थकला होता. त्याने दुकान एका नव्या माणसाला दिलं, आणि नवा माणूस तिथे खोलीएवढं कपडे धुण्याचं यंत्र बसवणार होता. “सोमवारी यंत्र येईल,” लाँड्रीवाला म्हणाला. “रविवारपर्यंत गाडी काढा. नंतर ती तुमच्या परसातच म्हातारी होईल.”

जाहिरात वाचून दोघं आले. एक हॉटेलवाला होता. त्याला गाडी छपरावर चढवायची होती. “मागे गेली नाही तरी चालेल, पुढेही गेली नाही तरी चालेल,” तो म्हणाला. कंपाउंडरांनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. दुसऱ्याला नुसता हॉर्न हवा होता.

शनिवारी सकाळी तिसरी आली. ती दातांची डॉक्टर होती, पस्तिशीची, हाताची नखं बारीक कापलेली. तिच्याकडे अशा दोन गाड्या आधीच होत्या. डॉक्टर म्हटल्यावर कंपाउंडर आपोआप उभे राहिले आणि ती जाईपर्यंत बसले नाहीत.

तिने गाडीभोवती चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं, दारं उघडली, मिटली. दातांत हत्यार फिरवावं तसं एका ठिकाणी नखाने टोकरून पाहिलं.

“काका, गाडी छान ठेवलीय हो. मी घेते. पण ते मागे जात नाही म्हणजे काय? गियरबॉक्स गेलाय का?”

“गेला नाही. मुळातच नाही. या जातीच्या गाड्यांना नसतो.”

“कोण म्हणतं?”

“आजोबा.”

तिने खिडकीतून वाकून गियरचा दांडा पाहिला. मग म्हणाली, “माझ्या दोन्ही गाड्या याच जातीच्या आहेत.”

“त्यांना आहे?”

“बाजूला व्हा बघू.”

डॉक्टरांनी सांगितलं की कंपाउंडर बाजूला होत. ती आत बसली, इंजिन चालू केलं, गियरचा दांडा तळहाताने खाली दाबला, मग डावीकडे ओढला. गाडीच्या पोटातून एक बारीक, चिरका सूर निघाला. असा सूर त्यांनी सहासष्ट वर्षांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि गाडी मागे आली. चार-पाच फूट. सरळ. जराही न कुरकुरता, जणू रोजचंच.

कंपाउंडर भिंतीला टेकले.

“असं करू नका,” ते म्हणाले. “तिला सवय नाही.”

“काका, सवयीचं काय त्यात? दांडा आधी खाली दाबायचा, एवढंच. हे शिकवतात की पहिल्याच दोन-तीन दिवसांत.”

कंपाउंडरांना तिसरी दुपार आठवली. त्यांनी ती पाहिली नव्हती, त्यांचा जन्मही झाला नव्हता. पण ती दुपार त्यांना स्वच्छ दिसली. रस्त्यावर दोरखंडांनी बांधलेल्या पेट्या, घाईत निघालेला इंजिनियर, आणि ‘राहिलंय का काही?’ या प्रश्नाला ‘नाही, सगळं आलं’ असं म्हणणारे आजोबा.

ते तसेच आत गेले आणि त्यांनी मेस्त्रीला फोन लावला. मेस्त्रीचा बाप या गाडीचं काम करायचा, आता मेस्त्री करत होता.

“गाडी मागे जाते,” कंपाउंडर म्हणाले.

“जाते की,” मेस्त्री म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“इंजिन उघडतो म्हटल्यावर माहीत असणारच, दादा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं तुमच्या घरचा नेम आहे. आमच्या बापाने मरताना सांगितलं होतं, त्यांच्या घरात गाडी मागे घेत नाहीत, आपणही घ्यायची नाही. चार माणसं लावून ढकलायचो आम्ही गॅरेजात. पाठ गेली बापाची.”

कंपाउंडरांनी फोन ठेवला. ताई आत भाजी निवडत होती, तिच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती. तिला अजून काही कळलं नसावं. ते लगबगीने परसात आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “डॉक्टर, गाडी तुमची. भाव तुम्ही म्हणाल तो. फक्त एक करा. ती लाँड्रीतून पुढे न्या. या घरात असेतो मागे घेऊ नका.”

“का?”

“आत माझी बहीण आहे.”

डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच कळलं नाही. पण रोग्याच्या डोळ्यांतली भीती तिला ओळखता येत होती. “बरं,” ती म्हणाली.

कंपाउंडरांनी जाऊन लाँड्रीचं शटर वाजवलं. ते वर गेलं. आत कपडे नव्हते, दांडी नव्हती, इस्त्रीचं टेबल नव्हतं. शटरच्या चौकटीत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एक पांढरंशुभ्र यंत्र बसलं होतं आणि त्याच्या मोठ्या गोल काचेतून लाँड्रीवाला पलीकडून बघत होता.

“दोन दिवस आधीच आलं,” तो काचेमागून ओरडला. “मी म्हटलं नका, पण उतरवलं. आता हलत नाही.”

“मग मागेच घ्यावी लागेल,” डॉक्टरीण म्हणाली.

“ढकलू,” कंपाउंडर म्हणाले.

“इंजिन चालू असलेली गाडी?”

“इंजिन बंद करू. मी उजव्या दिव्यापाशी होतो, तुम्ही आत बसा. समोरच्या शिंप्याला हाक मारतो. लाँड्रीवाल्याला वळसा घालून यायला सांगू. चढ आहे थोडा, पण आमच्याकडे रीत आहे.”

“काका, फाटकापर्यंत चाळीस फूट आहेत. तुमचं वय काय?”

“वयाचा प्रश्न नाही.”

“मग कसला आहे?”

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ताई हात पुसत पायरीवर आली. एकाहत्तर वर्षांची, ताठ, टेलिफोनवर बसून बसून एक कान जरा पुढे झुकलेला.

“मघाशी आवाज कसला झाला?” तिने विचारलं.

कंपाउंडर आयुष्यात खोटं फार बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना तयार खोटं सुचलं नाही.

“गाडी बिघडली,” ते म्हणाले. “आत्ताच. मागे जायला लागली.”

ताईने गाडीकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग भावाकडे.

“बिघडली नाही,” ती म्हणाली. “जाते ती. दांडा आधी खाली दाबायचा असतो.”

काचेमागे लाँड्रीवाला हळूच बाजूला झाला.

“तुला कसं माहीत?”

“तेव्हाच कळलं. ते घर बघायला जायच्या आदल्या आठवड्यात. दुपारी सगळे झोपले होते. म्हटलं, खरंच जात नाही का बघावं तरी. दहा मिनिटं लागली.”

“आणि बाबांना सांगितलं नाहीस?”

“बाबांना सांगितलं असतं तर मला तिथे जावं लागलं असतं.”

“म्हणजे?”

“अरे, मला नको होता तो मुलगा. आपल्याकडे आला होता ना चहाला, दोन तास बसला. दोन तासांत मला एक प्रश्न विचारला. आमच्या गावाच्या उत्तरेला कोणती नदी, म्हणून. मी बरोबर सांगितलं तर म्हणाला, ‘शाबास.’”

“मग तसं म्हणायचंस की बाबांना, नको म्हणून.”

“बाबांना कारण लागायचं. मी म्हटलं असतं की तो शाबास म्हणाला, तर बाबा म्हणाले असते, वा, मुलगा गुणग्राहक आहे.” ताईने पदराने कपाळ टिपलं. “आणि आपल्या दारात एवढं मोठं कारण चार चाकांवर उभं होतं. मी फक्त गप्प बसले.”

कंपाउंडर गाडीच्या पायरीवर बसले. डॉक्टर समोर उभी असताना ते पहिल्यांदाच बसले होते. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी जे ओझं डोक्यावरून उतरू दिलं नव्हतं, त्यात काहीच बांधलेलं नव्हतं. ते उतरल्याने हलकं वाटायला हवं होतं. त्यांना मान मोकळी वाटण्याऐवजी उघडी वाटली.

“मला रोज वाटायचं, तुझं वाटोळं झालं,” ते म्हणाले.

“ते दिसायचं मला. चहा आणतानाचं तुझं तोंड बघून मलाच कधी कधी माझी दया यायची.”

“आणि इस्पितळ? ते आवार? मी नाही म्हणून आलो ते?”

आता ताईने मान खाली घातली.

“त्याचं मला लागलं,” ती म्हणाली. “त्या रात्री सांगणारच होते. पण तू इतक्या ऐटीत आलास. आजोबांसारखा दारात उभा राहिलास आणि म्हणालास, आरपार नाही. तुला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, असेल बाबा, याला हेच हवं असेल.”

“वीस वर्षं मी लोकांच्या पाटलोणींखालून गाडी काढली, ताई.”

“मला वाटलं तुला आवडतं.”

कंपाउंडर संतापले. त्यांना संतापायची सवय नव्हती, म्हणून संताप कुठल्या बाजूने बाहेर काढावा हे समजेना. ते उठले, गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं. मग दुसरं दार उघडून लावलं. चारही दारं झाल्यावर संताप संपला. दारं आणखी असती तर बरं झालं असतं.

शेवटचं दार लागेपर्यंत डॉक्टरीणबाई शहाण्यासारखी बाजूला उभी होती. आता म्हणाली, “काका, गाडी तुम्हीच काढा बाहेर. मी मागे उभी राहते.”

“मला येत नाही,” कंपाउंडर म्हणाले.

चाळीसहून अधिक वर्षं गाडी चालवलेला माणूस हे म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

“मग मी घेते. तुम्ही मागून सांगा.”

“मी येते बसून,” ताई म्हणाली. “फाटकापर्यंत.” आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत ती पुढच्या गादीवर जाऊन बसली, पाय जुळवून, टेलिफोनच्या खुर्चीवर बसायची तशी.

कंपाउंडर गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. चालू गाडीच्या मागे, तिच्याकडे तोंड करून, त्या घरातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. हात कसा धरतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो नाडी बघायला पुढे करावा तसा पुढे केला. समोरचा शिंपी आवाजाने बाहेर आला होता, गळ्यात टेप तशीच.

“काका, तसा नाही,” तो फाटकातून म्हणाला. “बोटं आपल्याकडे हलवा. आणि तोंडाने म्हणा, येऊ द्या, येऊ द्या.”

“येऊ द्या,” कंपाउंडर म्हणाले.

“मोठ्याने.”

“येऊ द्या.”

तो चिरका सूर पुन्हा निघाला. गाडी येऊ लागली. कंपाउंडर एकेक पाऊल मागे सरू लागले, येऊ द्या, येऊ द्या म्हणत. घराची भिंत, पाण्याची टाकी, ताईची खिडकी, सगळं उलट्या क्रमाने शेजारून गेलं. थांबा कधी म्हणायचं हे शिंप्याने सांगितलं नव्हतं. फाटक गेलं, गल्ली आली, ते मागे सरतच राहिले. गल्लीच्या मधोमध पोचले तेव्हा गाडी थांबली आणि खिडकीतून ताईचं डोकं बाहेर आलं.

“अरे, बाजूला हो,” ती म्हणाली. “तू मधे उभा आहेस.”

ते बाजूला झाले. गाडी त्यांच्यासमोरून गल्लीत आली, वळली, सरळ झाली. आता तिने पुढे जायला हवं होतं. आत ताई डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. डॉक्टरीण हसली, तिने ताईचा हात धरून दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवला आणि दोघींनी मिळून तो खाली दाबला.

गाडी मागे निघाली. शिंप्याच्या दुकानावरून, केस कापायच्या दुकानावरून, सगळी गल्ली मागे, मागे. दोन्ही दिवे कंपाउंडरांकडे रोखलेले आणि लहान होत चाललेले.

“गाडी विकली म्हणता,” शिंपी म्हणाला, “आणि ताईंना कुठे नेतेय ती?”

“मागे.”

“परत येतील ना?”

कंपाउंडरांनी थोडा विचार केला.

“येतील,” ते म्हणाले. “पुढे जायला तर तिला पहिल्यापासून येतं.”